आठ महिन्यांत देवाला न सांगितलेली गोष्ट

गुरुवार, रात्री साडेदहा

नळाला आज तिसऱ्या दिवशीही पाणी आले नाही. संध्याकाळी टँकरच्या रांगेत उभी राहून चार हंडे भरून आणले आणि हात कोरडे होण्याआधीच ताईला फोन लावला. पाऊण तास बोलले. पाण्याबद्दल थोडे आणि जाऊबाईंबद्दल पुष्कळ. आईंनी अंथरूण धरल्याला आठ महिने झाले, तेवढ्यात त्या दोनदा आल्या आणि दोन्ही वेळा तासाभरात निघाल्या, हे मी ताईला पुन्हा एकदा सांगितले. बोलण्याच्या ओघात ‘माहेरी विहिरीला कसे बारमाही पाणी होते,’ असेही म्हणून गेले. तेच पाणी शेंदून लहानपणी आम्हा दोघींच्या तळहातांना घट्टे पडले होते, हे मात्र दोघींपैकी कोणीच बोलले नाही.

रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत पवित्र शास्त्रातल्या गणनाच्या पुस्तकाचा 11 वा अध्याय वाचायचा होता आणि वाचनाची पाळी माझी होती. मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, गुलामीतून सुटलेल्या इस्राएल लोकांना रानात रोज मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, मिळत असते, तरी ते मिसरातल्या काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवून रडतात. तिथे मासे फुकट खायला मिळत होते, असे म्हणतात. फुकट! विटा थापताना मुकादमांनी दिलेला मार त्या शब्दात कुठेही नाही. तिथे माझा आवाज अडखळला, कारण मला विहीर आठवली. त्याच अध्यायात मान्ना कसा होता तेही लिहिले आहे: धण्यासारखा बारीक, जात्यावर दळायचा किंवा उखळात कुटायचा, शिजवून त्याच्या पोळ्या करायच्या. लिहिणारा त्या अन्नाची चव सांगण्यासाठी थांबतो, पण ते खाणाऱ्यांना थांबायला सवड नाही.

याच अध्यायातली दुसरी एक गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आली नव्हती. लोकांइतकीच, किंबहुना त्यांच्याहून कडक तक्रार त्यांचा पुढारी मोशेही करतो. या लोकांना मी जन्म दिला आहे काय, हे ओझे मला एकट्याला पेलत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक, असे तो म्हणतो. लोकांवर देवाचा कोप होतो. मोशेला मात्र ओझे वाटून घेण्यासाठी 70 वडीलधारे मिळतात. लोक आपापल्या तंबूच्या दारात रडत बसले होते आणि मोशे देवाशी बोलत होता, एवढाच फरक मला दिसतो आणि तो फार मोठा वाटतो.

प्रेषित पौलाने बंदिवासातून फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती मंडळीला, पत्र लिहून सर्व काही कुरकुर न करता करायला सांगितले. तिथला मूळ ग्रीक शब्दही आपल्या ‘कुरकुर’सारखाच नुसत्या आवाजावरून बनलेला आहे. वंगण नसलेले चाक कुरकुरते, पण वंगण कोणाकडे मागावे हे त्याला कळत नाही. माझ्या पाऊण तासाच्या बोलण्याचे तसेच झाले होते. उपकारस्तुती म्हणजे तोंड मिटून सोसणे, असे आम्हा बायकांना चर्चच्या मंडळीत नकळत शिकवले जाते आणि ते मला आता मान्य नाही. ‘परमेश्वरा, कोठवर?’ असे विचारणारी स्तोत्रे पवित्र शास्त्रातच आहेत. थेस्सलनीकाकरांना पौलाने ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ असे लिहिले आहे. सर्व स्थितीबद्दल करा, असे तो तिथे म्हणत नाही.

सगळे निजल्यावर मी एकटीच प्रार्थनेला बसले आणि जाऊबाईंचे नाव घेऊन मनातले सगळे सांगितले. ताईला, शेजारच्या मावशींना, अगदी माझ्या मुलीलाही हे कितीदा ऐकावे लागले आहे. देवाला मात्र आठ महिन्यांत आज पहिल्यांदा सांगितले. सांगता सांगता आठवले की आईंच्या औषधांचे पैसे त्या दर महिन्याला न चुकता पाठवतात, आणि ताईजवळ मी याचा एका शब्दानेही उल्लेख केलेला नाही. त्याबद्दल देवाचे उपकार मानले, ते मनापासून मानता आले. राग पुरता गेलेला नाही. पण इतके दिवस त्या येत नाहीत म्हणून मी रडत राहिले, आणि ‘या’ असे त्यांना स्वतः कधी म्हटलेच नाही, हेही त्याच वेळी लक्षात आले.

उद्या सकाळी त्यांना फोन करणार आहे. आधी औषधांच्या पैशांबद्दल आभार मानीन आणि मग विचारीन, ‘शनिवारी रात्री आईंजवळ झोपायला याल का? मला एक रात्र सलग झोप हवी आहे.’