उशा किती लागतात?

गेल्या पावसाळ्यात सुरुवात झाली ती सिलिंडरपासून. ओट्याखाली वाकून रेग्युलेटर बसवेपर्यंत मला धाप लागली. उभा राहिलो की बरं. म्हटलं, पोट सुटलंय. मग रात्री आडवं झालं की खोकला. एकीच्या दोन उशा झाल्या, दोनाच्या तीन. शेवटी शेवटी ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या हॉलमध्ये खुर्चीतच उजाडायचं.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "काका, झोपताना उशा किती लागतात?" इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३० टक्के निघालं तेव्हा त्या प्रश्नातली गोम कळली. आडवं झालं की पायातलं, पोटातलं रक्त छातीकडे परततं. धडधाकट हृदय ते पुढे ढकलतं. माझ्याच्याने ते होईना, म्हणून फुप्फुसात तुंबायचं. वाकल्यावरची धापही त्याच जातकुळीतली. ३० सेकंदांच्या आत लागणाऱ्या त्या धापेला बेंडोप्निया म्हणतात. मी मात्र पोटाला दोष देत बसलो होतो.

लघवीच्या गोळीने अंगावरची सूज आणि चार किलो वजन उतरवलं, एका उशीवर आलो. आणि नवंच सुरू झालं. पहाटे बाथरूमला उठलो की डोळ्यांपुढे अंधारी. एकदा वॉशिंग मशीन हाताशी होतं म्हणून वाचलो. सूज होती तेव्हा चक्कर नव्हती, सूज गेली आणि चक्कर आली! मग शहाणपणा करून तीन दिवस गोळीच घेतली नाही. वजन दोन किलो वाढलं, घोट्यावर बोट दाबलं की खळगा. त्यावर बायको जे बोलली ते इथे लिहीत नाही.

पुढच्या खेपेला पाच मिनिटं झोपवून वरचं बीपी घेतलं: १२६. उभं करून एका मिनिटाने १०४, तिसऱ्या मिनिटाला १०२. २० ने जरी उतरलं तरी ते मनावर घ्यायचं असतं. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. शरीर लगेच नाडी वाढवून, रक्तवाहिन्या आवळून सावरतं. "तुमचं शरीर ते काम आधीच चोवीस तास करतंय, ऐन वेळी आणखी कुठून आणणार?" डॉक्टर म्हणाले. त्यात गोळ्यांनी बीपी उतरलेलं. लघवीची गोळी अर्धी झाली, हृदयाच्या बाकीच्या दोन गोळ्या सकाळ-संध्याकाळ अशा विभागल्या. बंद एकही नाही.

आता उठताना पाय खाली सोडून बसतो, पोटऱ्या आवळतो, शंभर आकडे मोजतो, मगच उभा राहतो. तलावपाळीच्या बाकावरही तेच. शेजारी बसलेल्यांना वाटतं, काकांचा जप चाललाय.