मार्चिंग बँडची आई व्हायचं तर आधी फॉर्म भरा: माझा अनुभव

टेक्सासमध्ये तुमचं मूल नववीत जाऊन मार्चिंग बँडमध्ये उतरणार असेल, तर सगळ्यात आधी पालकांसाठीचा व्हॉलंटियर फॉर्म भरून टाका. बूट, पाण्याचा मोठा जग, सनस्क्रीन हे सगळं नंतर आणता येतं. हे मला जूनमध्ये कोणी सांगितलं असतं तर सप्टेंबरभर माझ्या घरच्यांना माझी चिडचिड ऐकावी लागली नसती.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. लेक सहावीपासून क्लॅरिनेट वाजवते. मिडल स्कूलमध्ये बँड म्हणजे खुर्चीवर बसून वाजवायचं, आपण प्रेक्षागृहात बसून टाळ्या वाजवायच्या आणि घरी यायचं. हायस्कूलला गेल्यावर तोच बँड मैदानात येतो. शुक्रवारी रात्री फुटबॉलची मॅच, आणि मध्यंतरात शे-दीडशे मुलं वाजवत, वळत, मागे सरकत मैदानभर आकार करतात. वाजवायचं आणि चालायचं, तेही पाठ करून. नोटेशनचा कागद नाही.

सुरुवातीच्या गोष्टी पटापट झाल्या. डॉक्टरच्या सहीचा मेडिकल फॉर्म, खेळाडूंना लागतो तोच, बँडच्या मुलांनाही लागतो. फी भरली, युनिफॉर्मची मापं दिली. फी एकदम जड जात असेल तर हप्ते मिळतात का ते विचारा; आमच्याकडे मिळत होते, पण कुठे लिहिलेलं नव्हतं. आणि हो, मार्चिंग बँड केल्यावर पी.ई.चं (शारीरिक शिक्षणाचं) क्रेडिट मिळू शकतं, त्यासाठी काउन्सेलरशी वेळेत बोला. आम्हाला हे आयत्या वेळी कळलं.

मग उन्हाळी कॅम्प. पारा शंभर फॅरनहाइटच्या वर आणि मुलं पार्किंगच्या डांबरावर. पहिले काही दिवस वाद्य जवळजवळ नाहीच, नुसतं चालणं. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं, खाली न बघता, प्रत्येक वेळी तेवढंच. लेक घरातल्या पॅसेजमध्ये फरशीला चिकटपट्ट्या लावून पाऊल मोजायची. शाळा सुरू झाली की शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला 8 तासांहून जास्त सराव घेता येत नाही, असा यू.आय.एल.चा नियम आहे (राज्यातल्या शाळांच्या स्पर्धा हीच संस्था घेते). कॅम्पला तो लागू नाही, आणि ते मुलांच्या चेहऱ्यांवर दिसतं.

याच मुलीला शनिवारी सकाळी दहा वाजता उठवायला मी आधी पंखा बंद करायचे, मग पांघरूण ओढायचे. ती आता सहाचा गजर लावून, जग भरून, दारात उभी राहून मला म्हणायला लागली, "आई, चल ना, लवकर पोचणं म्हणजेच वेळेवर पोचणं." बँड डायरेक्टरचं वाक्य असणार. आमच्या घरात हे असलं वाक्य कधी कोणी बोललेलं नाही.

तेव्हाच मी ठरवलं, नुसतं गॅलरीत बसायचं नाही. बँडच्या बूस्टर क्लबमध्ये, म्हणजे बँडला मदत करणाऱ्या पालकांच्या मंडळात, पालकांना कामं असतात: मध्यंतरानंतर मुलांना पाणी द्यायचं, खाण्याच्या स्टॉलवर उभं राहायचं, प्रॉप्स (शोचं नेपथ्य) मैदानावर ढकलायचे, युनिफॉर्म सांभाळायचे, बसमध्ये सोबत जायचं. मला युनिफॉर्मचं काम हवं होतं. पण यातलं काहीही करायचं तर स्कूल डिस्ट्रिक्टकडून (भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) बॅकग्राउंड चेक, म्हणजे नावावर काही गुन्हा नाही ना याची तपासणी, होऊन मंजुरी मिळावी लागते. मुलांच्या जवळ कोण येतंय हे बघितलंच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या फॉर्मबद्दल आहे.

फॉर्ममध्ये तीन चौकटी: फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम. खाली लाल अक्षरांत सूचना: नाव सरकारी ओळखपत्रावर आहे तस्संच लिहा. आता आपल्या भारतीय पासपोर्टवर दोनच जागा असतात, आडनाव आणि बाकीचं सगळं. त्या बाकीच्यात माझं नाव आणि नवऱ्याचं नाव शेजारी शेजारी. पासपोर्टवरून व्हिसा, व्हिसावरून सोशल सिक्युरिटी, त्यावरून ड्रायव्हिंग लायसन्स. म्हणजे इथल्या सरकारच्या लेखी माझं 'फर्स्ट नेम' दोन शब्दांचं. ते तस्संच लिहायला गेले तर चौकट म्हणते, अवैध अक्षर. अवैध अक्षर म्हणजे काय, तर मधली मोकळी जागा!

नुसतं माझं नाव लिहून पाठवलं. उत्तर आलं: ओळखपत्राशी जुळत नाही. नवरा म्हणाला, दोन्ही नावं जोडून लिही. जोडून लिहिलं तर असं काही तयार झालं की मलाच वाचता येईना, आणि उत्तर तेच. त्यानंतर अर्जासमोर 'पेंडिंग' हा शब्द येऊन बसला तो हलेचना.

शाळेच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाई अगदी गोड बोलल्या, म्हणाल्या, हे आमच्या हातात नाही, डिस्ट्रिक्टला विचारा. डिस्ट्रिक्टच्या नंबरवर आधी संगीत, मग एक माणूस: तपासणी बाहेरची कंपनी करते, त्यांना ईमेल करा. कंपनीचं आपोआप आलेलं उत्तर: अर्जाविषयीच्या शंकांसाठी आपल्या शाळेच्या ऑफिसशी संपर्क साधा. हे चक्र मी पुन्हा पुन्हा फिरले. प्रत्येक ठिकाणी माणसं सभ्य, आवाज शांत, आणि कोणाकडेच ते बटण नाही. ओरडायला समोर कोणी उर्मट तरी हवा ना? तोही नव्हता.

मधे सीझन सुरू झाला. पहिल्या मॅचला मी तिकीट काढून, लेकीच्या फोटोचा बिल्ला छातीला लावून, गॅलरीत. खाली कुंपणापाशी मंजुरीवाल्या आया गळ्यात ओळखपत्रं अडकवून मुलांना पाणी देतायत. एकीने माझ्या लेकीच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी विचारलं, ती हसली. मला त्या बाईचा राग आला. आता ती माझी मैत्रीण आहे, म्हणून लिहिते.

गॅलरीत बसणाऱ्यांसाठी एक युक्ती, जी मला दुसऱ्या मॅचला सुचली. सगळ्यांचा पोशाख एक, टोपी डोळ्यांपर्यंत, आपलं मूल सापडतच नाही. मुलाला त्याचा 'डॉट' विचारून ठेवा. प्रत्येक आकारात प्रत्येकाची मैदानावरची जागा ठरलेली असते, आणि त्यांच्या वहीत ती लिहिलेली असते. लेकीने सांगितलं, "सुरुवातीला साइड वन, 45 च्या लाइनपासून दोन पावलं आत." साइड वन म्हणजे आपल्या डाव्या हाताचा अर्धा भाग, आत म्हणजे मधल्या 50 कडे. मैदानावर यार्डांचे आकडे असतातच, पटकन सापडली. त्यानंतर मी बँड बघितलाच नाही, एकच मुलगी बघितली. शो कसा झाला असं कोणी विचारलं की मी नवऱ्याकडे बघते. आणि मध्यंतर संपलं म्हणून निघू नका. तिसऱ्या क्वार्टरला मुलांना सुट्टी असते, तेव्हा ती कुंपणापाशी येतात, दोन शब्द बोलता येतात.

गाठ सुटली ती युनिफॉर्म विभाग सांभाळणाऱ्या बाईंमुळे. मूळच्या विजयवाड्याच्या. मी पार्किंगमध्ये माझं रडगाणं सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. त्यांच्या दिराच्या पासपोर्टवर आडनावच नाही, त्यामुळे व्हिसावर त्याचं फर्स्ट नेम 'एफ.एन.यू.' म्हणजे 'माहीत नाही' असं पडलंय. "तुझी केस सोपी आहे," म्हणाल्या. उपाय असा: पहिल्या चौकटीत स्वतःचं नाव, मिडल नेममध्ये नवऱ्याचं, आणि खाली 'इतर नावं' अशी एक चौकट असते तिथे दोन्ही नावं लायसन्सवर आहेत त्याच क्रमाने. शिवाय लायसन्सच्या जोडीला पासपोर्टचं पहिलं पान अपलोड करायचं. जुना पेंडिंग अर्ज आधी मागे घ्यायचा, नाहीतर नवा त्याच्या मागे अडकतो.

त्या 'इतर नावं' चौकटीशेजारी कंसात लिहिलं होतं: माहेरचं नाव किंवा उर्फ. उर्फ आपण गुन्ह्याच्या बातमीत वाचतो, बॅकग्राउंड चेकच्या फॉर्ममध्ये कोण स्वतःहून लिहील? पण लिहिलं, आणि त्याच आठवड्यात मंजुरी आली. डिस्ट्रिक्टमध्ये भारतीय नावांची इतकी मुलं आहेत, त्या चौकटीशेजारी एक ओळ जास्त लिहायला काय जातं, हे मी त्यांना ईमेलने विचारलं आहे. उत्तर आपोआपच आलं.

युनिफॉर्म विभागात पहिल्याच दिवशी मला कळलं की केस हा तिथला मोठा प्रश्न आहे. टोपीखालून एकही केस बाहेर दिसता कामा नये. माझ्या लेकीच्या दोन घट्ट वेण्या वर बांधलेल्या बघून एका मुलीने विचारलं, माझ्याही घालाल का? मग रांग लागली. पिना आणि रबर जास्तीच ठेवा. काळे लांब मोजेही ठेवा, कोणीतरी पांढरे घालून येतंच. बूट पायाच्या मापाचे घ्या, वाढत्या अंगाचे नकोत. सैल बुटात मागे चालताना टाच निसटते.

ऑक्टोबरात यू.आय.एल.ची रीजनची, म्हणजे विभागीय, स्पर्धा होती. स्टेडियममध्ये जायच्या आधी बाहेर मुलं ओळीत उभी करतात आणि टोपीत तुरे खोचतात. तुरा शेवटच्या क्षणीच खोचायचा असतो, बसमध्ये चुरगळतो म्हणून. खोचणारे पालक पांढरे हातमोजे घालतात, हाताचा डाग पडू नये म्हणून. विजयवाड्याच्या बाईंनी क्लॅरिनेटची ओळ मला दिली.

मुलांना सावधान उभं राहायचं असतं, बोलायचं नाही, हसायचं नाही. मी एकेकीसमोर जात होते, तुरा खोचायचा, सरळ आहे ना बघायचं, पुढे. लेकीसमोर आले तेव्हा तिने माझ्याकडे बघितलंच नाही. हनुवटी वर, नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे. घरी जेवताना एका जागी पाच मिनिटं न बसणारी ही पोरगी, पापणीही हलवेना. मला इतका अभिमान वाटला की मी तिचा तुरा वाकडा खोचला आणि मागून येणाऱ्या बाईंनी तो नीट केला.

शो मी मैदानाच्या टोकाच्या कुंपणामागून बघितला. तिथून आकार एकही कळत नाही, त्यासाठी वरच बसावं लागतं. पण पायांचा आवाज येतो आणि श्वास ऐकू येतो, सगळ्यांचा एकदम. तिन्ही परीक्षकांनी 1 दिला. इथे 1 म्हणजे सर्वोत्तम, नाशिकला सासूबाईंनी फोनवर ऐकलं तेव्हा "एकच मार्क?" म्हणून त्या हळहळल्या होत्या. पुढच्या फेरीत आमचं निभावलं नाही. अंतिम स्पर्धा सॅन अँटोनियोच्या अलामोडोममध्ये असते, तिकडे आम्ही नुसते प्रेक्षक म्हणून गेलो आणि लेक परतीच्या वाटेवर चार तास फक्त दुसऱ्या शाळांच्या क्लॅरिनेटबद्दल बोलली.

मंजुरी एका शालेय वर्षापुरतीच असते, दर वर्षी नव्याने अर्ज. यंदा फॉर्म उघडला त्या सकाळी चहा व्हायच्या आत मी माझा भरला आणि नवऱ्याचाही भरला. त्याच्या पासपोर्टवर त्याच्या नावाशेजारी सासऱ्यांचं नाव आहे, म्हणजे तीच कथा, त्यामुळे 'इतर नावं' सकट. त्याला प्रॉप्स ढकलायचेत.