पॅसिफिका ते मॉन्टारा: हायवेच्या कडेने जाऊ नका, डोंगर चढा

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला पॅसिफिका आणि मॉन्टारा ही किनाऱ्यावरची गावं. पॅसिफिकाहून मॉन्टाराला समुद्राकाठाने सलग पायवाट आहे, असं आम्हाला तिघांनी सांगितलं होतं. तिघेही गाडीने गेलेले. सलग वाट नाही. मधल्या डेव्हिल्स स्लाइड या समुद्रावरच्या कड्याचा ट्रेल जेमतेम दोन किलोमीटरचा, दोन्ही टोकांना पार्किंग, आणि तिथून गावापर्यंत हायवे नंबर एक.

पॅसिफिकाच्या दक्षिण टोकाच्या लिंडा मारपासून उत्तरेच्या पार्किंगपर्यंतचा चढ हा सगळ्यात वाईट तुकडा. पांढऱ्या पट्टीच्या बाहेर जी जागा उरते तीच पायी चालणाऱ्याची आणि सायकलवाल्याची. वळणावरून ट्रक आला की त्याच्या वाऱ्याने अंगातलं जॅकेट फडफडतं. मेहुणा पुढे, बायको मध्ये, मी मागे, आणि संपूर्ण चढावर कुणी कुणाशी बोललं नाही. मुलं बरोबर असतील तर हा विचारच सोडा. पुढे बोगदा दिसतो, त्यातही पायी शिरू नका.

संध्याकाळी खोलीवर पाय सोडून बसलो तेव्हा कळलं, या कड्याने आजवर सगळ्यांनाच अडवलंय. गास्पार दे पोर्तोला हा स्पॅनिश अधिकारी १४ जुलै १७६९ ला सॅन डिएगोहून निघाला. १६०२ साली विझकाइनो या स्पॅनिश दर्यावर्दीने वर्णन केलेलं मॉन्टेरे बंदर त्याला शोधायचं होतं. तिथे पोहोचूनही ते ओळखू आलं नाही आणि साठेक माणसं तशीच उत्तरेला सरकत राहिली. ३० ऑक्टोबरला मॉन्टाराच्या बाजूला कडा आडवा आला. शिधा संपत आलेला, स्कर्व्हीने माणसं खंगलेली. खडकांवरचे शिंपले खाऊन त्यांनी मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी डोंगर चढले. वरून मॉन्टेरेच्या बऱ्याच उत्तरेला असलेली फॅरलॉन बेटं आणि पॉइंट रेयेसचं भूशिर दिसलं तेव्हा त्यांना कळलं, मॉन्टेरे मागे राहिलं. पुढे १९०८ मध्ये कडा फोडून रेल्वे आणली, ती १९२० ला बंद पडली. १९३७ चा हायवे दरडींनी पुन्हा पुन्हा तुटला. १९९५ आणि २००६ मध्ये तर कित्येक महिने बंद होता. शेवटी २०१३ मध्ये बोगदे झाले.

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्हीही डोंगरावरून गेलो. हायवेच्या आधी गाड्या जिथून जायच्या तो जुना सॅन पेद्रो माउंटन रोड आता फक्त पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी आहे. डांबर उखडलेलं, मध्ये मध्ये घसारा, पण वाट चुकत नाही. सुरुवात मॉन्टाराकडून करा. मॉन्टाराच्या दक्षिणेला हाफ मून बे गाव, त्या बाजूला बसच्या फेऱ्या कमी, तेव्हा मॉन्टाराला जाणारी बस सकाळीच पकडा आणि डोंगर चालून लिंडा मारला उतरा. तिथून डेली सिटीच्या बार्ट (लोकल ट्रेन) स्टेशनला जाणारी ११० नंबरची बस मिळते. आम्हाला निवांत साडेतीन तास लागले. पूर्ण पँट घाला, कडेला पॉयझन ओक भरपूर आहे, त्याचा स्पर्श झाला की अंगावर खाजरं पुरळ उठतं. खिंडीत धुकं फाटलं आणि खाली एकदम सॅन पेद्रोचं खोरं उघडलं, तेव्हा आदल्या दिवशीचा सगळा राग उतरला. सह्याद्रीत खिंडीवर पोहोचल्यावर होतं तसंच झालं.

खाली लिंडा मारमध्ये सांचेझ अडोबी हे जुनं घर चुकवू नका. इथे मूळ रहिवासी ओलोनी लोकांचं प्रुरिस्ताक गाव होतं. १७८६ मध्ये स्पॅनिश धर्मप्रसारकांच्या मिशनने त्याच जागी शेतीचं ठाणं बसवलं, आणि आजचं मातीच्या विटांचं घर १८४० च्या दशकातलं.

स्वीनी रिज या डोंगरधारेला वेगळा अर्धा दिवस द्या. ४ नोव्हेंबर १७६९ ला पोर्तोलाच्या तुकडीने सॅन फ्रान्सिस्को बे पाहिला तो इथून. सॅन ब्रुनोच्या स्नीथ लेनकडून चढा. धुक्यात वाट सापडावी म्हणून डांबरावर पिवळा पट्टा मारलाय आणि आम्हाला तो खरंच लागला.

हाफ मून बेबद्दल एवढंच: ऑक्टोबरच्या शनिवार-रविवारी हॅलोवीनच्या भोपळ्यांसाठी अर्धा बे एरिया (सॅन फ्रान्सिस्कोचा सगळा परिसर) ९२ नंबरच्या रस्त्यावर असतो. आम्ही त्या गर्दीत दोन तास घालवले आणि एका शेतात गाडी लावायला तीस डॉलर मोजले. मधल्या वारी जा.