जावाहून सीकडे: ओळी वाचणाऱ्या एका प्रोग्रॅमचा प्रवास

मार्ग असा: फाइलमधल्या ओळी वाचायच्या, यादीत ठेवायच्या, क्रमाने लावून छापायच्या. जावातला हा छोटा प्रोग्रॅम लिनक्सवर सीमध्ये न्यायचा. अंतर शंभर-दीडशे ओळींचं, पण मेमरीचे बहुतेक खड्डे याच रस्त्यावर लागतात.

पहिला खड्डा गेटलाइनचा, म्हणजे सीमधल्या ओळ वाचणाऱ्या फंक्शनचा. जावाचं रीडलाइन दर वेळी नवी स्ट्रिंग देतं. गेटलाइन तोच बफर (मजकूर ठेवायची मेमरीतली जागा) पुन्हा पुन्हा भरतं. त्या बफरचा पॉइंटर, म्हणजे पत्ता, तसाच यादीत टाकला तर सगळ्या नोंदी सारख्याच दिसतात. मध्येच लांब ओळ आली की बफर दुसरीकडे हलू शकतो आणि जुने पॉइंटर सोडलेल्या जागेकडे बघत राहतात. प्रत्येक ओळ स्ट्रडअपने, म्हणजे नव्या जागेत नक्कल करणाऱ्या फंक्शनने, उतरवून घ्या. गेटलाइनचा बफर लूप संपल्यावर एकदाच फ्री करा, म्हणजे जागा परत द्या.

स्ट्रडअपऐवजी मॅलॉकने स्वतः जागा मागितलीत तर स्ट्रलेनने मोजलेल्या लांबीत १ मिळवा, कारण ओळीचा शेवट दाखवणारा शून्य बाइट त्यात धरलेला नसतो. ही चूक फार लबाड आहे. ६४ बिट ग्लिबसीवर (लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीवर) २० बाइट मागितले तरी २४ वापरता येतात, म्हणून २० बाइटांची ओळ खपून जाते; नेमकी २४ बाइटांची आली की शेजारच्या ब्लॉकची नोंद बिघडते आणि प्रोग्रॅम भलत्याच फ्रीवर कोसळतो. मराठी मजकुरात अक्षरं मोजून अंदाज बांधू नका: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेतं.

यादी भरली की क्षमता दुप्पट करा. जागा वाढवणाऱ्या रिअलॉकचं उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्या. ते नल (रिकामा पत्ता, म्हणजे जागा मिळाली नाही) आलं तर जुना ब्लॉक जिवंतच असतो. जुन्याच पॉइंटरवर नल लिहिलंत तर तो कायमचा हरवला.

परतीच्या वाटेवर आधी प्रत्येक ओळ फ्री करा, मग यादी. उलट केलंत तर ओळींचे पत्तेच हातातून गेले. नल फ्री केलेला चालतो, एकच पत्ता दोनदा नाही.

पहिल्या दिवसापासून ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) आणि डीबग माहिती चालू ठेवून कंपाइल करा. वेग साधारण निम्मा होतो, पण जागा कुठे घेतली, कुठे सोडली आणि नंतर कुठे वापरली, तिन्ही ठिकाणं ओळ क्रमांकासह दिसतात. अशाच चुका शोधणाऱ्या व्हॅलग्राइंडसाठी प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा लागत नाही, मात्र ते कैक पटींनी हळू चालतं. दोन्ही एकत्र चालवू नका.

फ्री केल्यावरही टॉपमध्ये (मेमरीचा वापर दाखवणाऱ्या कमांडमध्ये) मेमरी उतरली नाही तर लगेच गळती समजू नका. ॲलोकेटर (मॅलॉक आणि फ्री सांभाळणारा भाग) बरीचशी जागा पुढच्या मॅलॉकसाठी राखून ठेवतो.