जॅक जमिनीत गेला तेव्हा

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. वरूडकडे संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू झाली की माझ्या गॅरेजचा फोन थांबत नाही. त्या दिवशी संध्याकाळी पाचला फोन आला, "दादा, जॅकच जमिनीत घुसून रायला ना! गाडी कलली."

मी आधी विचारलं, "खाली कोणी आहे काय?"

"नाही जी, पोरगा बाहेर आला."

आला, म्हणजे होता. माझ्या पोटात गोळाच आला.

बागेत पोचलो तर पिकअपचं मागचं डावं चाक हवा जाऊन बसलेलं, वर साठ कॅरेट संत्री. कॅरेटला वीस किलो धरले तरी बाराशे किलो. दोन दिवसांआधी पाऊस पडून गेला होता. आपली काळी माती वरून वाळते, पापडी धरते, माणूस चालला तर टणक लागते, पापडीखाली लोणी. जॅक तिरपा होऊन अर्धा आत गेला होता आणि कणकेत बोट दाबल्यावर वर येते तशी ओली माती त्याच्या भोवती उठली होती. तो तिरपा होताना पाहून एकोणीस वर्षांचा क्लिनर हाताने सरळ करायला आत शिरला होता. गाडी हातभर पुढं सरकली आणि बसली. पोरगा वेळेवर मागं झाला. त्याच्या बनियनच्या बाहीला एक्सलचं ग्रीस लागलेलं मी पाहिलं.

ड्रायव्हर म्हणे, "गाडी तर गिअरमध्ये होती, सरकली काहून?" हे भल्याभल्यांना माहीत नसतं. या गाडीला ओढ मागच्या चाकांची. एक चाक हवेत गेलं की ते मोकळं उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक सुटतं. दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणं, डिफरन्शियलचं कामच ते. गिअर काहीच धरत नाही. हँडब्रेकही मागच्याच चाकांना, म्हणजे उरलं एक चाक, आणि यांची केबल ढिली. धुऱ्याकडे, म्हणजे बांधाकडे, उतार होता. पुढच्या चाकांना उटी, म्हणजे अडसर, नव्हती. एक दगड लावला असता तर मला फोनच आला नसता.

मी म्हटलं, आधी कॅरेट उतरवा. मालक म्हणाले, "उतरवाले अर्धा तास जाईन, व्यापारी थांबून आहे." मी पाना खाली ठेवला. ओल्या जमिनीवर भरल्या गाडीला मी हात लावत नाही. माझ्या उस्तादांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती, त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षं काढली. शेवटी मालकांनी स्वतः पहिलं कॅरेट उचललं.

पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड ठोकले. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा ढिले केले. एक्सलखालची पापडी खरवडून सपाट केली आणि माझी फूटभर चौरस, दोन इंच जाडीची बाभळीची फळी बसवली. जॅकची बैठक तळहाताएवढी, चार इंची. फळीचं क्षेत्रफळ नऊपट. तेवढंच वजन नऊपट जागेत वाटलं जातं.

जॅक स्प्रिंगच्या पाट्यांच्या यू-क्लॅम्पजवळ, एक्सलला लावला. चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, लावला की पाटे नुसते खाली लोंबतात, जॅकची उंची संपते आणि चाक जागचं हलत नाही. दोन बोटं उचलून थांबलो. फळी एका कडेनं दबत होती. उतरवलं, माती सारखी केली, पुन्हा लावलं. या वेळी फळी सपाट राहिली. चाक काढायच्या आधी स्टेपनी आडवी चेसिसखाली सरकवली, जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर बसावी म्हणून. बसलेलं चाक निघालं तसं ते खाली टाकलं आणि स्टेपनी बाहेर घेतली. हवा भरलेल्या चाकाला उंची जास्त लागते. पण जॅक आणखी चढवण्याऐवजी चाकाखालची माती खुरप्यानं काढली. जितकी उंची कमी, तितकी भीती कमी.

सात वाजता कॅरेट पुन्हा चढली. पोरगा तोवर बोलला नव्हता. तो मोटरच्या हौदावर माझी फळी धूत बसला, चारही कडांची माती नखानं काढत. धुऊन आणली आणि म्हणाला, "दादा, अशी कुठं मिळते जी?"

मी ती त्याच्या सीटमागं ठेवली. दुसऱ्या दिवशी आरागिरणीवर जाऊन मी दोन कापून आणल्या.