पाच ड्रॅगन हातात आणि टेबल रिकामं

यु-गि-ओ या कार्ड गेममधला माझा पहिला डेक (खेळायचा कार्डांचा गठ्ठा) म्हणजे नुसता दिखावा होता. ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन तीन, ओबेलिस्क, स्लायफर, वर अजून सात-आठ धिप्पाड मॉन्स्टर, टोटल ५२ कार्ड. पहिल्या गेमला हात उचलला तर पाचच्या पाच कार्ड लेव्हल ७ च्या वरची. लेव्हल ७ ला दोन ट्रिब्युट (टेबलावरच्या आपल्याच मॉन्स्टरचे बळी) लागतात, ओबेलिस्कला तीन, नॉर्मल समन, म्हणजे हातातला मॉन्स्टर साध्या पद्धतीने उतरवणं, टर्नला एकच, आणि बळी द्यायला टेबलावर चिटपाखरू नाही. मी तीनदा फक्त ‘टर्न एन्ड’ म्हणालो आणि समोरच्याने १८००-१९०० अटॅकच्या फालतू मॉन्स्टरनी माझे ८००० लाइफ पॉइंट संपवले. हसला पण नाही तो, तेच जास्त लागलं.

मग घरी बसून २० हात काढून बघितले, शफल करायचं, पाच उचलायची, काही करता येतंय का ते वहीत लिहायचं. ११ हात ब्रिक, म्हणजे काहीच करता येत नाही असे. आकडेमोड केली तेव्हा कळलं की कुठल्याही कार्डाच्या तीन कॉपी असल्या तर ४० च्या डेकमध्ये पहिल्या हातात निदान एक यायचा चान्स साधारण ३४ टक्के, ६० मध्ये तोच २३. त्यामुळे डेक आधी ४० वर आणला. स्लायफर काढताना जीव तुटला खरं सांगतो, दोनदा परत घातला.

बॉस, म्हणजे मुख्य तगडा मॉन्स्टर, एकच ठेवला, ब्लू-आइज, आणि बाकी जागा त्याला उचलून आणणाऱ्या बारक्या कार्डांना. खरी मजा इथे आहे. सेज विथ आइज ऑफ ब्लू, लेव्हल १, अटॅक शून्य, मी आधी याला ढुंकूनही बघितलं नव्हतं. नॉर्मल समन केला की डेकमधून व्हाइट स्टोन ऑफ एन्शंट्स हातात. मग मेलडी ऑफ अवेकनिंग ड्रॅगन खेळायचं, तोच स्टोन टाकून द्यायचा आणि डेकमधून दोन ड्रॅगन घ्यायचे, एक ब्लू-आइज आणि एक ऑल्टरनेटिव्ह (ब्लू-आइजचाच दुसरा प्रकार). हातातला ब्लू-आइज दाखवला की ऑल्टरनेटिव्ह ट्रिब्युट न देता फुकट उतरतो, मग दोघांना एकत्र करायचं (याला सिंक्रो समन म्हणतात), सेजची लेव्हल १ आणि याची ८, झाला लेव्हल ९ चा स्पिरिट ड्रॅगन, आणि एन्ड फेजला, म्हणजे टर्न संपताना, ग्रेव्हयार्डमधला (वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातला) स्टोन डेकमधून अजून एक ब्लू-आइज ओढून आणतो. शेवटी बोर्डवर दोन ड्रॅगन. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मीच इफेक्ट परत परत वाचत होतो, चुकतोय की काय म्हणून.

ट्रेड-इन पण तीन घातली, लेव्हल ८ टाका दोन कार्ड घ्या, म्हणजे जास्तीचा ब्लू-आइज हातात आला तरी वाया जात नाही. परत २० हात काढले, ब्रिक ४. त्याच्या खाली काही उतरेना, मी पण नाद सोडला.

परवा त्याच मुलाशी खेळलो. माझ्या मेलडीवर त्याने अ‍ॅश ब्लॉसम, म्हणजे इफेक्ट रद्द करणारं कार्ड, टाकलं, इफेक्ट गेला, तो निवांत मागे टेकला. मी सेज तसाच ठेवून ‘टर्न एन्ड’ म्हणालो. पण स्टोन तर आधीच कॉस्ट (मेलडी खेळायची किंमत) म्हणून ग्रेव्हयार्डात गेला होता ना, आणि अ‍ॅश टर्नला एकदाच चालतं. एन्ड फेजला डेक उचलून ब्लू-आइज शोधायला लागलो तसा तो पुढे वाकून स्टोनचं कार्ड वाचायला लागला.