पहिला घाणा कोरडा, दुसरा ओला

गॅसवर कपडे वाळवणाऱ्या ड्रायरची तक्रार आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मुळीच तापत नाही, की सुरुवातीला तापतो? या वेळी बाई चटकन म्हणाल्या, "पहिला घाणा छान निघतो हो. दुसऱ्यापासून बोंब. आणि इग्नायटर, थर्मल फ्यूज दोन्ही बदलून झालेत." इग्नायटर म्हणजे लालभडक तापून गॅस पेटवणारा भाग, आणि थर्मल फ्यूज म्हणजे मशीन फार तापलं की उडून वीज तोडणारा फ्यूज.

फ्यूज बदलायचं कारण मला कळेना. एकदा उडालेला थर्मल फ्यूज परत जुळत नाही, मग पहिला घाणा तरी कोरडा कसा निघेल? पण पार्ट आधी बदलायचे आणि विचार मागाहून करायचा, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड.

खालचं पॅनल काढून मशीन चालू केलं आणि जमिनीवर आडवा होऊन बर्नरकडे बघत राहिलो. इग्नायटर लाल, मग पिवळसर पांढरा झाला, टक् आवाज आला आणि भस्सकन निळी ज्योत पेटली. सगळं कसं शिस्तीत. तापमान भरलं की ज्योत विझायची, हवा निवली की परत पेटायची. बराच वेळ हेच चाललं. बाईंना वाटलं असणार, मला तिथंच झोप लागली.

मग खेळ बदलला. इग्नायटर नेहमीसारखा तापला, विझला, पण टक् नाही आणि ज्योतही नाही. थोड्या वेळाने पुन्हा तापला, पुन्हा नुसताच विझला.

इग्नायटरची धग लागली की शेजारच्या फ्लेम सेन्सरचे पॉइंट उघडतात, करंट गॅस व्हॉल्व्हच्या कॉइलकडे वळतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. इग्नायटर विझत होता, म्हणजे सेन्सर आपलं काम करत होता. तो चिकटला असता तर इग्नायटर नुसताच जळत राहिला असता. उरली कॉइल. ती तापली की आतली तार साथ सोडते आणि निवली की परत शहाणी होते, त्यामुळे थंड कॉइलला मीटर लावून काहीच हाती लागत नाही. प्लग काढला आणि गरम असतानाच मोजलं. व्हॉल्व्हवरच्या दोनपैकी एका कॉइलचा आकडा येईचना.

मी जोडीने दोन्ही कॉइल बदलतो, एकीने दम तोडला की दुसरीचा भरवसा नसतो. गॅसची लाइन सोडावी लागत नाही, वरची पट्टी काढली की कॉइल उपसून येतात. गरम हवा बाहेर टाकणारा मागचा पाइपही काढून बघितला. वळणावर लिंट, म्हणजे कपड्यांचा भुसा, गच्च बसला होता. हवा अशी कोंडली की मशीन आतून जास्त तापतं, म्हणून तो साफ केल्याशिवाय मी पॅनल लावत नाही.

दुसरा घाणा कोरडा निघाल्यावर बाईंनी खोक्यातून जुना इग्नायटर आणला. मीटरवर ठणठणीत निघाला. म्हटलं, स्पेअर म्हणून ठेवून द्या, फक्त तो काळा भाग बोटांनी धरू नका, फार ठिसूळ असतो.